रसद उतरवायची नसते

चढ लागला की आमचे दत्तूमामा स्कूटरवरून खाली उतरायचे आणि तिच्या शेजारून चालू लागायचे.

स्कूटर बिघडलेली नसायची. पेट्रोल भरलेलं असायचं, इंजिन चालू असायचं, गिअर पहिला असायचा. मामा डाव्या अंगाला उभे राहून दोन्ही हातांनी हँडल धरायचे, क्लच अर्धा दाबायचे आणि "चल लाडो, चल बेटा" असं पुटपुटत चढ संपेपर्यंत तिच्या चालीनं चालायचे. मागून सिटी बस भोंगे वाजवायची. सायकलवाले पुढे निघून जायचे आणि वळून वळून बघायचे. मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

भोपाळात चढांना तोटा नाही, त्यामुळे मामांचा अर्धा प्रवास पायीच व्हायचा. पिपलानीहून आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरवर यायला त्यांना बसपेक्षा जास्त वेळ लागे. आई खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणायची, "दादा नाश्ता करून निघालाय म्हणे. म्हणजे जेवायला पोचेल." आणि निवांत कुकर लावायला जायची.

एकदा मी मागच्या सीटवर असताना एका रिक्षावाल्यानं रिक्षा आमच्या बरोबरीनं हळू केली. भला माणूस होता. खास भोपाळी ढंगात म्हणाला, "को खां, पेट्रोल खतम?"

"नहीं," मामा म्हणाले. "चढ़ाई है."

"तो?"

"तो चढ़ाई पे जानवर की पीठ पर नहीं बैठते."

रिक्षावाल्यानं आधी स्कूटरकडे पाहिलं, मग मामांकडे, मग मागे बसलेल्या माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत कणव होती. मग रिक्षा पुढे काढून तो निघून गेला.

आता मी बसले होते आणि मामा चालत होते, हे कसं, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं होतं. त्यावर मामांचं उत्तर तयार होतं. "तुम्ही रसद. रसद उतरवायची नसते. फक्त जवान चालतो."

मामा सैन्यात होते. पण बंदूक, रणगाडा, विमान असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. ते खेचरांच्या तुकडीत होते. जिथे रस्ता संपतो आणि गाडी हात जोडते, तिथून पुढे वरच्या ठाण्यांपर्यंत पीठ, तूप, रॉकेल आणि लोकरीचे मोजे घेऊन खेचरं चढतात. प्रत्येक खेचराबरोबर एक जवान, त्याचा दोर धरून. मामांच्या खेचरीचं नाव होतं लाडो. मामांना आधी घरी पाठवलं, लाडो तिथेच राहिली. मग इथे भोपाळात कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागल्यावर त्यांनी करड्या रंगाची स्कूटर घेतली, तिच्या हँडलला हातभर दोर बांधला आणि तिला लाडो म्हणायला लागले. सुरुवातीला मामीला ही गंमत वाटली. नंतर तिनं हात टेकले.

सैन्यात खेचर सांभाळणाऱ्या जवानाला ड्रायव्हर म्हणतात. मामीच्या वडिलांना स्थळाची माहिती देताना मध्यस्थानं "मुलगा सैन्यात ड्रायव्हर आहे" एवढंच सांगितलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी कौतुकानं विचारलं, "काय चालवता? ट्रक की जीप?" मामा म्हणाले, "खेचर." मामी सांगायची, "असे सगळे गप्प झाले की बशीतले पोहे गार झाले तरी कुणी चमचा उचलेना."

"मग तू हो कशी म्हणालीस?" आम्ही विचारायचो.

"आमच्या गोठ्यातल्या म्हशीच्या पायाला लागलं होतं. यांनी आल्या आल्या आधी ते पाहिलं, हळद मागून घेतली, तिला लावली. मग हात धुऊन माझ्याकडे बघायला बसले." एवढं सांगून मामी गालात हसायची. त्यात हो म्हणण्यासारखं काय होतं ते मला फार पुढे कळलं.

इतर मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आगगाडीनं जायची. आम्ही सिटी बसनं जायचो. मी आणि माझा धाकटा भाऊ शिरू पत्र्याची एकेक पेटी घेऊन तुलसी नगरात बसमध्ये चढायचो आणि पिपलानीला उतरायचो. एका शहरातून त्याच शहरात. पण पिपलानी खरोखर दुसरं गाव होतं. सरळ रांगेतली क्वार्टर्स, पुढे मेंदीचं कुंपण, मागे अंगण, अंगणात कडुनिंब. कारखान्याचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा आणि ओसरला की दुपार अशी शांत व्हायची, की खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, पडद्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकता ऐकता डोळे मिटायचे. त्या दुपारी अजून माझ्या स्वप्नात येतात. हिरवट उजेड, खसचा वास, आणि आतल्या खोलीत मामांचा मुलगा अजय, शिरू आणि मी ओल्या चादरी अंगावर घेऊन फरशीवर पडलेले.

आम्ही पोचलो की मामा दारातच उभे असायचे. हसायचे नाहीत. "रसद आली?" असं मामीला आतून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायचे, आणि आमचे पाय तपासायचे.

पाय तपासणं हा मामांच्या घरचा सायंकाळचा कार्यक्रम होता. दुसऱ्यांच्या घरी संध्याकाळी शुभंकरोती व्हायची, इथे "पाय दाखवा" व्हायचं. आम्ही भिंतीला हात टेकून रांगेत उभे राहायचो, पाठ मामांकडे. मामा एकेकाचा पाय घोट्याशी धरून गुडघ्यात मागे दुमडायचे, लोहार नाल ठोकताना धरतो तसा, आणि टॉर्च मारून तळवा बघायचे. काटा, खडा, फोड. सापडलं की चिमटा, मग खोबरेल. "पाय गेला की जनावर गेलं," ते म्हणायचे. शेजारच्या क्वार्टरमधली मुलं ही परेड बघायला कुंपणावर चढून बसत. बाहेर आम्हाला "खच्चरवाले अंकल के बच्चे" म्हणत. शिरूला ते फार लागायचं. मला मात्र टाचेवर फिरणारा तो खरबरीत अंगठा आवडायचा, आणि मी कधीकधी काटा नसतानाही "दुखतंय" म्हणून सांगायची.

मामांचा दुसरा नियम, "पहले जानवर, फिर जवान." कितीही ऊन असो, बाहेरून आले की आधी लाडोला कडुनिंबाखाली उभं करायचे, तिच्यावर पाणी मारायचे, पाठीवर ओलं गोणपाट टाकायचे, आणि मगच घरात येऊन स्वतः पाण्याचा पेला तोंडाला लावायचे. मामी दारात पेला धरून उभी. "माझी सवत न्हाली का?" ती विचारायची. जेवणाचंही तेच. आधी आम्ही जेवायचो, मग मामी, मग मामा. कितीतरी वर्षं शिरूची खात्री होती की मामा जेवतच नाहीत.

आणि गूळ. घरात खायला कॉलनीच्या दुकानातला गूळ चालायचा. लाडोसाठी मात्र मामा पार करोंदच्या मंडीत जाऊन, खडा फोडून, चाखून गूळ आणायचे. प्रत्येक फेरीनंतर स्कूटरची डिकी उघडून आत एक खडा ठेवायचे, झाकण लावायचे आणि पाठ फिरवून घरात जायचे. चांगला वेळ देऊन परत येऊन डिकी उघडायचे. गूळ गेलेला असायचा. "खाल्ला बघा लाडोनं!" ते समाधानानं म्हणायचे. आम्ही तिघं चिकट बोटं पाठीमागे लपवून मान डोलवायचो. कधी आम्हाला झोप लागली तर मुंग्या येऊन पार्टी करायच्या. मग मामांचा चेहरा पडायचा. "आज लाडोची तब्येत बरी नाही वाटतं," म्हणत ते आमच्या कपाळाला हात लावून बघायचे.

आता उरला तिसरा नियम. उतारावर बोलायचं नाही.

चढावर मामांच्या तोंडाची टकळी चालू असायची. लाडोला शाबासकी, रस्त्याला शिव्या, आम्हाला गोष्टी. चढ संपला की ते पुन्हा स्कूटरवर बसायचे, आणि उतार सुरू झाला की इंजिन बंद करायचे. मग स्कूटर नुसतीच घरंगळायची, चालत्या माणसाच्या वेगानं, ब्रेकवर. डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली दाबलेली. कुणी "मामा" म्हटलं तरी उत्तर नाही. चाकांची किरकिर आणि वारा, एवढंच. अजयचं म्हणणं, बाबा पेट्रोल वाचवतात. शिरूचं म्हणणं, ब्रेक कच्चे आहेत आणि मामा देवाचं नाव घेतात. म्हणून शिरूही उतारावर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा.

संध्याकाळी पाणी शिंपडलेल्या अंगणात खाटा टाकल्या की आम्ही मामांना लढाईच्या गोष्टी मागायचो.

"मामा, तुम्ही किती शत्रू मारले?"

"एकही नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तूप पोचवलं."

"आणि?"

"पीठ पोचवलं. मोजे पोचवले. वर पोरं गारठलेली असायची, बाळा. लाडोच्या गळ्यातली घंटी ऐकली की खंदकातून बाहेर यायची आणि आधी तिच्या गळ्यात पडायची. मला कुणी विचारायचं नाही." मामा हे फार अभिमानानं सांगायचे. शिरू कूस बदलायचा. त्यानं शाळेत सांगून ठेवलं होतं की आपले मामा रणगाडे उडवायचे. तुपाचं कुणाला सांगणार?

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. सव्वीस जानेवारीला कॉलनीतल्या मराठी मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. पिपलानीत निवृत्त सैनिक पुष्कळ, पण मराठी म्हणून मामांचा मान पहिला. मामीनं त्यांचा जुना कोट इस्त्री केला. आम्ही तुलसी नगरहून सगळे गेलो. मैदानात मंडप, गार वारा, खुर्च्यांवर स्वेटर घातलेली माणसं. लाडो मैदानाच्या कडेला उभी.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते, बोलायची हौस दांडगी. त्यांनी मामांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि माईक पुढे करून म्हणाले, "हवालदारसाहेब, आमच्या मुलांना तुमच्या शौर्याचा एक प्रसंग सांगा."

मामा म्हणाले, "मी वर तूप पोचवलं."

लोक हसले. प्रेमानंच हसले. मामाही थोडे हसले, आणि लाडोबद्दल सांगायला लागले. तिला गूळ आवडायचा, तिच्या उजव्या कानाला हात लावलेला खपायचा नाही, तिच्या खुरावर नंबर होता पण तिला नावानंच हाक मारावी लागायची. मुलं मन लावून ऐकत होती. अध्यक्षांना मात्र शौर्य हवं होतं. ते मध्येच खेळकरपणे म्हणाले, "वर तूप नेलंत, ठीक. खाली येताना मग काय, रिकामे?"

मामा थांबले. माईकजवळ त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते स्टेजवरून उतरले, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ चालत लाडोपाशी गेले, अंगावरची सत्काराची शाल काढली आणि तिच्या पाठीवर घातली. दोन्ही बाजूंनी नीट खाली ओढली. कडेनं दाबून बसवली. आणि तिथेच तिच्याजवळ उभे राहिले.

मंडपात कुजबुज सुरू झाली. "हा काय अपमान झाला," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. शिरू खाली मान घालून बसला. आईनं माझा हात घट्ट धरला. मामी मात्र शांतपणे उठली, स्टेजवर विसरलेला नारळ उचलून पिशवीत घातला आणि अध्यक्षांना म्हणाली, "थंडी आहे ना. चढून आलेल्या जनावराच्या अंगावर आधी पांघरूण घालतात. त्यांची सवय आहे." आणि आम्हाला घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन खात मी आणि मामी मटार सोलत होतो. मामा कामावर गेले होते. मी विचारलं, "मामी, खाली येताना काय आणायचे गं ते?"

मामीनं शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "माणसं," ती म्हणाली. "जखमी झालेली. वर डॉक्टर नाही, गाडी नाही. लाडोच्या पाठीवर बांधून उतरवायची. एकदा एक अगदी कोवळं पोर होतं, आपल्याच मुलखातलं. याला झोपू देऊ नकोस, बोलत राहा, असं वरच्यांनी बजावून सांगितलं. किती दिवसांनी यांना कुणी मराठी बोलणारं भेटलं होतं. सगळ्या वाटेनं हे बोलत होते. घरचा आंबा, नदी, बहिणीच्या वेण्या, काय वाटेल ते. ते पोर हं म्हणायचं. यांचं वाक्य संपलं की हं."

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली.

"खाली पोचल्यावर दोघं उतरवून घ्यायला आले. त्यातल्या एकानं यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, भाऊ, आता बोलू नकोस." मामीनं पदराचं टोक हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "कुठल्या वळणावर त्याचं हं थांबलं, ते यांना कळलंच नाही. लाडोला कळलं होतं म्हणतात. एका वळणावर ती अडून उभी राहिली होती. यांनीच दोर ओढून तिला पुढे नेलं. ते यांना अजून खातं, बघ. तेव्हापासून उतारावर गप्प."

मी रडले. मटार तसेच राहिले. संध्याकाळी मामा घरी आले, आधी लाडोला पुसलं, मग पाणी प्यायले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळे का लाल? पाय दाखव."

मामी जाऊन आता काही वर्षं झाली. क्वार्टर सोडल्यावर पिपलानीच्या जवळच मामांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, तिथे ते एकटेच राहायचे. लाडोचं इंजिन केव्हाच थंड पडलं होतं, पण रोज सकाळी तिच्या अंगावरून ओलं फडकं फिरायचं. गेल्या हिवाळ्यात मामा अंगणात पडले. गुडघा कामातून गेला. अजय पुण्याला असतो. तो म्हणाला, बाबा, आता पुरे, माझ्याकडे चला. मामा काही दिवस ऐकतच नव्हते. मग एकदम म्हणाले, "येतो. पण लाडोचा चार्ज दिल्याशिवाय जाणार नाही. मागच्या वेळी नीट देता आला नाही. घरी जायचा हुकूम आला आणि ट्रकमध्ये बसवलं. दोर कुणाच्या हातात गेला तेही पाहिलं नाही मी."

हे ऐकल्यावर अजय भंगारवाल्याचं नाव काढायचंच विसरला.

चार्ज घ्यायला रशीदभाई तयार झाले. बाजारात त्यांचं स्कूटरदुरुस्तीचं दुकान. लाडोचं सगळं आजारपण त्यांनीच काढलेलं. मामांनी त्यांना घरी बोलावून तिचा स्वभाव समजावून सांगितला. पावसात रुसते. परक्याच्या पहिल्या किकला दाद देत नाही. रशीदभाई म्हणाले, "हवालदार साहब, इसका तो पुर्जा-पुर्जा जानता हूँ मैं."

"पुर्जा तू जानता है," मामा म्हणाले. "मिज़ाज मैं बता रहा हूँ."

रशीदभाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि सरळ बसून ऐकलं. "बेचूँगा नहीं," ते जाताना म्हणाले. "दुकान में छाँव में खड़ी रहेगी."

टेम्पो आणतो, असं अजय म्हणाला. मामा खवळले. "जनावर दुसऱ्याच्या पाठीवर बसून चार्जला जातं का कधी?" तेव्हा मे महिन्यातल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही लाडोला चालवत निघालो. मामांच्या हातात हँडल, मी दुसऱ्या बाजूला, अजय मागून ढकलायला. निघताना मी डिकीचं झाकण नीट बसवायला गेले तर आत गुळाचा खडा होता. ताजा. ह्या घरात कुणी मूल आल्याला किती उन्हाळे लोटले होते. मी झाकण लावलं.

गुलमोहर फुलले होते. कोकिळा ओरडत होती. सपाटीवर मामा छान चालले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "चार्ज द्यायला चाललोय." मग चढ लागला.

अर्ध्यावर मामांचा गुडघा मोडून आला. ते हँडलला लटकल्यासारखे उभे राहिले, ओठ पांढरे. अजय म्हणाला, "बाबा, तुम्ही रिक्षात बसा, आम्ही हिला नेतो." मामांनी मान हलवली. दोर मनगटाभोवती गुंडाळून घट्ट धरला. पुढे पाऊल पडेना आणि हात सुटेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ह्याही वेळी दोर दुसऱ्याच कुणीतरी नेऊन सोपवणार, हे त्यांना दिसत होतं.

मी म्हणाले, "मामा, लाडोवर बसा."

"चढ आहे."

"रसद उतरवायची नसते, मामा. फक्त जवान चालतो. आज जवान मी."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "जवानाच्या पायात काय आहे?"

"चप्पल."

"पाय दाखव."

पन्नाशी ओलांडलेली मी बाई, भर रस्त्यात हँडल धरून उभी राहिले, चप्पल काढली आणि पाय मागे दुमडला. मामांनी वाकून तळवा पाहिला. टाचेवरून अंगठा फिरवला. "भेगा पडल्यात. तेल लावत नाहीस," ते म्हणाले. आणि मग मुकाट्यानं लाडोवर बसले, दोन्ही पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, आम्ही लहानपणी बसायचो तसे.

दोर मी हातात घेतला, दुसऱ्या हातानं हँडल धरलं. अजयनं मागून जोर लावला. एक ई-रिक्षा शेजारी येऊन हळू झाली. "क्या हुआ आंटी, पेट्रोल खतम?"

"नहीं भैया," मी धापा टाकत म्हणाले, "चढ़ाई है."

मामा खुदकन हसले. चढ संपेपर्यंत हसत होते.

वर पोचल्यावर आम्ही दम घेतला. पुढे उतार, मधे एक वळण, आणि वळणापलीकडे बाजार. इथूनच रशीदभाई दुकानाबाहेर वाट बघत उभे असलेले झाडांच्या फटीतून दिसत होते. मामांनी टोपी काढून मांडीखाली दाबली, पाय ब्रेकवर ठेवला. उतार सुरू झाला आणि सवयीनं मी गप्प झाले. मागे अजयही. चाकं तशीच किरकिरत होती.

"वंदे," मामांनी मला हाक मारली. "बोल काहीतरी."

मला वाटलं, भास झाला. "मामा, उतार आहे."

"माहीत आहे." ते समोर बघत होते. "वर बसलेल्याला आवाज लागतो गं. आज कळतंय."

मग मी बोलायला लागले. काय बोलू सुचेना, म्हणून आपली सिटी बस काढली, पत्र्याच्या पेट्या काढल्या. मामा म्हणाले, "हं." शिरू उतारावर देवाचं नाव घ्यायचा ते सांगितलं. "हं." मामीच्या कुरडया वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या छपरावर उडून गेल्या होत्या ते. खसच्या पडद्यामागची दुपार. "हं." लाडोचा गूळ आम्ही खायचो, तुम्हाला माहीत होतं ना? "हं." माझा आवाज चिरकत होता, पण मी थांबत नव्हते. मागून अजयच्या नाकाचा सूं सूं आवाज येत होता.

वळण आलं.

माझं वाक्य संपलं आणि उत्तर आलं नाही. माझे पाय जागच्या जागी थांबले. लाडो थांबली. दोर माझ्या मुठीत ओला झाला होता. मागे वळून बघायचा धीर होईना.

"मामा?"

"हं," मामा म्हणाले. "ऐकतोय मी. पुढे सांग."

मी पुढे सांगायला लागले.